अ‍ॅलर्जी : काही नाही

"इथे कुणाचंही नाव घ्यायचं नाही," टीम लीडने दार लावून घेत सांगितलं. "आपण माणूस शोधत नाही, कारण शोधतोय."

हे ती दर वेळी सांगायची. कंपनीत काही बिघडलं की अशी बैठक व्हायची आणि तिची रीतच तशी होती. अमक्याने केलं, तमक्याने बघितलं नाही, असं बोलायचं नाही. सर्व्हिसने केलं, सर्व्हरने केलं, प्रक्रियेत फट राहिली, असं म्हणायचं. माणसं घाबरली की खरं सांगत नाहीत, म्हणून ही पद्धत. पद्धत म्हणून ती चांगलीच होती आणि काकांना ती आजपर्यंत मनापासून आवडत आली होती.

काका म्हणजे त्या खोलीतले सगळ्यात वयस्क प्रोग्रॅमर. पन्नाशीला टेकलेले, कानाजवळ पांढरे झालेले, टेबलावर लॅपटॉपशेजारी चष्म्याची डबी ठेवणारे. बाकीची मंडळी तिशीच्या आसपासची, टीम लीड त्यांच्याहून थोडी मोठी. 'काका' हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ते असं काही चिकटलं होतं की मोठ्या साहेबांनीही एकदा भर सभेत "थँक यू, काका" म्हटलं होतं. साहेब स्वतः वयाने काकांपेक्षा मोठे होते, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. आदल्या आठवड्यात एका हॉस्पिटलात एक रिटायर बस ड्रायव्हर तापाने फणफणलेला, पाय सुजलेला असा आला. त्याला एक इंजेक्शन दिलं गेलं, आणि नेमकं तेच त्याला चालत नव्हतं. चालत नाही ही नोंद त्याच हॉस्पिटलात पूर्वी झालेली होती. इंजेक्शननंतर त्याचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. डॉक्टर जवळच होते म्हणून वाचला. पण इंजेक्शनच्या आधी नर्सने कॉम्प्युटरवर पेशंटचं पान उघडलं, तेव्हा त्यावर लिहून आलं होतं : अ‍ॅलर्जी – काही नाही.

"आमची सर्व्हिस पडली नव्हती," एक तिशीतला चष्मेवाला म्हणाला. अ‍ॅलर्जीच्या नोंदी सांभाळणारा सॉफ्टवेअरचा भाग, म्हणजे ती सर्व्हिस, त्याच्याकडे होती. "त्या दुपारी आम्ही नवीन व्हर्जन चढवत होतो. त्यामुळे ती जरा हळू झाली होती, एवढंच. बोर्डावर हिरवंच होतं, म्हणजे सगळं ठीक."

"आमचंपण हिरवं," औषधांची सर्व्हिस बघणारी मुलगी म्हणाली.

"नेटवर्कचंपण."

सगळ्यांचं सगळं हिरवं होतं आणि पेशंट तेवढा निळा पडला होता. टीम लीडने खडूसारखा पेन फळ्यावर टेकवला.

"मग स्क्रीनवर 'काही नाही' आलं कुठून?"

ते कुठून आलं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकजण काकांकडे न बघण्याची काळजी घेत होता. एकजण लॅपटॉपवरची धूळ पुसत होता. काकांचे कान तापले. एखाद्याने बोट दाखवून "तुम्हीच!" म्हटलं असतं तर त्यांना त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

पूर्वी हे सगळं एकच भलंमोठं सॉफ्टवेअर होतं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली होती. ते एकत्र कुटुंबासारखं होतं. एका खोलीत शिंकलं की साऱ्या घराला ऐकू जायचं, आणि एकाचं बिनसलं की सगळं घर ठप्प. मग वाटण्या झाल्या. नाव-पत्ता एका सर्व्हिसकडे, औषधं दुसरीकडे, अ‍ॅलर्जी तिसरीकडे, तपासण्या आणखी कुणाकडे. प्रत्येकीची चूल वेगळी. आणि बिऱ्हाडं थाटली क्लाउडमध्ये, म्हणजे दूरवरच्या कुठल्याशा गोदामातल्या भाड्याच्या यंत्रांवर. एकमेकींशी बोलायचं तर निरोप धाडायचा आणि उत्तराची वाट बघायची. मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात ते हेच. एकीने अंथरूण धरलं तरी बाकीच्यांची कामं चालू राहावीत, हा त्यातला मोठा फायदा.

वाटणीत काकांकडे आली ती 'सारांश'. डॉक्टरने किंवा नर्सने पेशंट उघडला की समोर जे एक पान येतं, ते काकांचं. या सर्व्हिसने सगळ्या बिऱ्हाडांना निरोप पाठवायचे, आलेली उत्तरं गोळा करायची आणि एका पानावर मांडायची. सुरुवातीला ते पान सारखं कोसळायचं, कारण एकीचं उत्तर अडलं की सगळं पानच अडून बसायचं. हॉस्पिटलांतून ओरड व्हायची. जेवणाच्या टेबलावर पोरं हसायची, "काकांच्या पानाला चक्कर आली." काकाही हसायचे, पण त्यांना ते लागायचं. नव्या पद्धती ते आपल्याहून वीस वर्षांनी लहान पोरांना विचारून विचारून शिकत होते, आणि आपलं वय झालं हे कुणी तोंडावर म्हणण्याआधी त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं.

मग एका दुपारी जेवायला उठण्याआधी त्यांनी घाईघाईत चार ओळी लिहिल्या. ठरलेल्या वेळात कुणाचं उत्तर आलं नाही, तर थांबायचं नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं धरायचं आणि पुढे जायचं. त्या दिवसापासून पान एकदाही पडलं नाही. सभेत टाळ्या झाल्या. साहेबांचं ते "थँक यू, काका" त्याच सभेतलं. रिकाम्या जागी कोणते शब्द दिसावेत यावर डिझाइनवाल्या मुलीने 'नोंद उपलब्ध नाही' असं सुचवलं होतं. काका म्हणाले होते, "छे, कसली ही सरकारी भाषा! माणसं बोलतात तसं लिहू या. सरळ 'काही नाही' म्हणू." सगळ्यांना ते आवडलं होतं.

टीम लीडने फळ्यावर लिहिलं, 'सारांश सर्व्हिसने उत्तर न येणे म्हणजे अ‍ॅलर्जी नसणे असे गृहीत धरले.'

सर्व्हिस कसली गृहीत धरते, काकांच्या मनात आलं. तिला काय कळतंय. गृहीत मी धरलं, पोटात कावळे ओरडत होते म्हणून.

"ते मी..." त्यांनी तोंड उघडलं.

"काका," टीम लीड हळूच म्हणाली, "नावं नकोत. प्लीज."

काका गप्प बसले. गप्प बसताना त्यांना क्षणभर बरं वाटलं, अगदी हायसं वाटलं. ते बरं वाटणं पुढे कितीतरी दिवस त्यांच्या अंगाला काट्यासारखं टोचत राहिलं.

बैठक संपता संपता हॉस्पिटलमधल्या कॉम्प्युटर विभागाच्या माणसाचा फोन आला. टीम लीडने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका," तो मोकळ्या आवाजात म्हणाला. "आमच्याकडून मिटल्यात जमा आहे. सिस्टरला घरी बसवलंय. पुढच्या आठवड्यात चौकशी आहे, मग बहुतेक काढूनच टाकतील. ती म्हणते, स्क्रीनवर 'काही नाही' असं होतं. पण आम्ही लगेच स्वतः उघडून पाहिलं ना! लाल अक्षरात ठळक दिसतंय. बाईने बघितलंच नसणार, आणि आता खोटं बोलतेय."

खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की बाई खरं बोलत होती. अ‍ॅलर्जीची सर्व्हिस थोड्या वेळाने पूर्ववत झाली, तिचं उत्तर यायला लागलं, आणि पान आपोआप शहाणं झालं. मधल्या वेळेत त्यावर काय दिसत होतं, याचा पुरावा फक्त यांच्याकडे होता. तो आत्ता, याच फळ्यावर, निळ्या शाईने लिहिलेला होता.

टीम लीडने एकदा फळ्याकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "आमचं चालू आहे अजून. कळवते."

फोन ठेवल्यावर तिने सांगितलं की बाहेर काय कळवायचं ते कायदा विभाग ठरवेल, तोवर कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग ती खाली बघत कागद गोळा करू लागली. ती काही वाईट बाई नव्हती. बाहेर पडताना चष्मेवाल्याने काकांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हातही काकांना नकोसा झाला.

*

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले.

म्हणाले आणि चहाचा कप तसाच हातात धरून बसले. गेली कित्येक वर्षं ते घरात हेच उत्तर देत आले होते. पाठ दुखत असेल तरी काही नाही, साहेब बोलला तरी काही नाही, वडील गेल्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी काही नाही. बायकोला त्याची सवय होती. ती त्या 'काही नाही'च्या पुढे जाऊन, चेहरा बघून, भांड्यांचा आवाज ऐकून खरं काय ते काढून घ्यायची. पण ती बायको होती. चार पेशंट एकदम आलेत आणि हातात सुई आहे, अशा बाईला कुठून एवढी सवड असणार?

"अहो, कप कलंडतोय."

काकांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. सर्व्हिस, निरोप, वाटण्या, सगळं. बायको शाळेत ग्रंथपाल होती. तिला त्यातलं निम्मंच कळलं, पण ते निम्मं बरोबर होतं.

"म्हणजे त्या सिस्टरने वाचलं ते खरंच तिथे होतं?"

"हो."

"आणि ते तुम्हाला माहीत आहे."

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांचं राहू द्या." तिने ओट्यावरून हात फिरवला. स्वच्छच होता ओटा. "फोनवर तो माणूस तिला खोटारडी म्हणाला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

काकांनी कपाचा कान दुसऱ्या बाजूला फिरवला.

"बरं," बायको म्हणाली. ती रागावली असती तर काकांनी आवाज चढवला असता, कंपनीचे नियम सांगितले असते. तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि कपडे घड्या करायला घेतले. काका त्या घड्यांकडे बघत राहिले.

"चौकशीला जाऊन सांगावं म्हणतो," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "पण नोकरी जाईल. या वयात मला कोण दारात उभं करणार? पोरगी अजून शिकतेय. तुला काय वाटतं?"

"मला विचारू नका."

"का?"

"मला विचारलंत तर मी 'जाऊ नका' म्हणेन." तिने त्यांचा शर्ट झटकून उभा धरला आणि त्याच्याआडून बोलली. "आणि मग पुढे आयुष्यभर दोघांनाही तोंड लपवावं लागेल. म्हणून विचारू नका."

*

टीम लीडला मात्र त्यांनी विचारलं. म्हणजे सांगितलंच, पण विचारल्यासारखं. ती केबिनमध्ये पोळीचा घास हातात धरून एका डोळ्याने स्क्रीन बघत होती.

"काका, असं करू नका," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे गेलात की ते तुमचं नाव घेणार, मग कंपनीचं. आपण इथे नावं घेत नाही ते उगाच नाही."

"तिथे घेतात ना. तिचं घेतलंय."

"ती त्यांची पद्धत आहे. मी काय करू?" तिने घास परत डब्यात ठेवला. "तुम्हाला वाटतं मला झोप लागते? रिपोर्टमध्ये मी सगळं खरं लिहिलंय. एक शब्द लपवलेला नाही."

"तो रिपोर्ट जातो कुठे?"

"अंतर्गत आहे तो."

"म्हणजे आपण आपल्यालाच खरं सांगितलं."

टीम लीडचा चेहरा उतरला. काकांना लगेच वाईट वाटलं. ही आपल्या धाकट्या बहिणीसारखी, आणि तिला आपण असं लागेल असं बोलायला नको होतं. शिवाय, बोलायचा आपल्याला हक्क तरी कोणता?

"कायदेवाले म्हणाले, चौकशी होऊ दे, मग बघू," ती म्हणाली. "मला तुम्हाला 'जाऊ नका' असंच सांगावं लागेल, काका. सांगितलं असं समजा."

"समजलो."

"सोमवारी रजा टाकलीत ती कशासाठी?"

"घरचं काम आहे," काका म्हणाले. तिने पुढे काही विचारलं नाही आणि रजा मंजूर केली.

हॉस्पिटलमधल्या कॉम्प्युटरवाल्याला काकांनी फोन करून, तांत्रिक माहिती द्यायला येतो, एवढंच सांगितलं. तो तर खूशच झाला. त्याला वाटलं, कंपनीचा माणूस येऊन सिस्टीम कशी उत्तम चालते ते सांगणार. "या, या, काका. दहा मिनिटांत मोकळे करतो तुम्हाला," तो म्हणाला.

*

चौकशी पहिल्या मजल्यावर, मेट्रनच्या ऑफिसशेजारच्या खोलीत होती. बाहेर बाक. बाकावर एक तिशी ओलांडलेली बाई पर्स मांडीवर धरून बसली होती, आणि तिच्या शेजारी तिची सासू असावी अशी एक म्हातारी. समोरून औषधांची ट्रॉली गेली तेव्हा त्या बाईने न बघताच पाय आत घेतले, आणि ट्रॉलीवरची एक बाटली कडेला आली होती ती जाता जाता बोटाने आत सरकवली. हीच ती, हे काकांना कळलं. त्यांना परत जिना उतरून जावंसं वाटलं.

ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"तुम्हीपण चौकशीला?" तिनेच विचारलं.

"हो."

"कुठल्या खात्याचे?"

"कॉम्प्युटर."

तिचा चेहरा उजळला. तेच काकांना सगळ्यात जड गेलं. "बरं झालं, बाई! मग तुम्ही सांगाल ना त्यांना? मी विचारलं होतं हो. पेशंटच्या मिसेसना विचारलं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्हीच सगळं लिहून घेतलंय, त्यातच बघा. म्हणून मी उघडलं आणि तिथे 'काही नाही' असं होतं. चांगलं मोठ्या अक्षरात. पण नंतर सगळे बघतात तर लाल नोंद." ती थांबली. "आता तर मलाच वाटायला लागलंय, मी भलतंच काहीतरी वाचलं असेल. घाईत होते. असं होऊ शकतं ना?"

तुम्ही बरोबर वाचलंत, एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडाशी आले, पण त्यांच्यामागोमाग चौथा आणि पाचवाही, 'चूक माझी', आला असता. "आत सांगतो," एवढंच ते पुटपुटले.

म्हातारीने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. सून लगेच वळली, "आई, द्या, मी बघते."

"राहू दे. मी बघते माझं."

म्हातारीने पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं, आणि काही न घेताच परत पिशवीत टाकलं. सून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग, म्हातारीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ती काकांना म्हणाली, "घरात सगळ्यांच्या गोळ्या मीच द्यायचे. त्या दिवसापासून माझ्या हातचं औषध घेत नाहीत. बोलत काही नाहीत हो. माझी बाजू घेऊन शेजाऱ्यांशी भांडतातसुद्धा. पण गोळी नाही घेत." आणि मग, बोलायला नको होतं ते बोलून गेल्यासारखी, ती पर्सची चेन उघडझाप करू लागली.

तेवढ्यात काकांना आत बोलावलं.

आत टेबलापलीकडे तिघं होती. मोठे डॉक्टर, मेट्रन आणि प्रशासनाचा एक माणूस. कोपऱ्यात कॉम्प्युटरवाला प्रसन्न चेहऱ्याने उभा होता.

"तुमची सिस्टीम त्या दुपारी बंद होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

"ऐकलंत?" कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"बंद असती तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "पान उघडलंच नसतं, आणि सिस्टरने जुनी फाइल मागवली असती. ते बंद पडू नये म्हणून मी त्याला एक वाईट सवय लावली. अ‍ॅलर्जीची नोंद दुसरीकडे असते. तिथून उत्तर आलं नाही, तर पान वाट बघत नाही. 'काही नाही' असं लिहून मोकळं होतं. त्या दुपारी उत्तर उशिरा आलं. सिस्टरने जे वाचलं, तेच तिथे लिहिलेलं होतं. थोड्या वेळाने ते बदललं. तुम्ही बदललेलं पाहिलंत."

कॉम्प्युटरवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"म्हणजे माहीत नव्हतं, आणि लिहिलं 'नाही'?" डॉक्टर म्हणाले.

"हो."

"अहो, 'नाही' आणि 'माहीत नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतो तो."

"मला नाही कळला," काका म्हणाले. हे बोलताना त्यांना इतकी लाज वाटली की ती लपवायचीही शुद्ध उरली नाही. लहानपणी वर्गात बाकावर उभं केलं होतं तेव्हा जसे ते खिडकीबाहेर बघत राहिले होते, तसे आता बघता येईना. डॉक्टर सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होते.

"हे तुम्ही कंपनीच्या वतीने सांगताय?" मेट्रनने विचारलं.

"नाही. कंपनीने येऊ नका म्हणून सांगितलंय. ते मी लिहिलं होतं, म्हणून मी आलो."

"आणखी कुठे कुठे असं 'काही नाही' लिहून ठेवलंय तुम्ही?"

काकांनी विचार केला. औषधांच्या रकान्यात होतं. तपासण्यांच्या रकान्यात होतं. बाकीच्या सर्व्हिसेसमध्ये दुसऱ्या कुणी काय धरून ठेवलंय, ते त्यांनी कधी उघडून बघितलंच नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "बघावं लागेल. सगळीकडेच."

मेट्रनने मान हलवली. प्रशासनाच्या माणसाने, हे सगळं सहीनिशी लागेल, आणि याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील, असं काहीसं सांगितलं. काकांनी सही केली. ती त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, पण कुणी हरकत घेतली नाही. "त्यांना मोकळं करणार ना?" त्यांनी दाराकडे बघत विचारलं.

"ते आम्ही ठरवू," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन देण्याआधी चाचणीपुरता टेस्ट डोस दिला नव्हता, तोही प्रश्न आहेच. पण खोटं बोलल्याचा ठपका राहणार नाही. तेवढं आत्ताच सांगतो."

तेवढंच मिळालं. आपण आलो की सगळं धुऊन निघेल, असं काकांना वाटत होतं, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

ते बाहेर आले. सून उभी राहिली, डॉक्टर वॉर्डात आले की नर्सेस उठतात तशी.

"बसा, बसा ना," काका म्हणाले. ती बसेना, मग तेही उभे राहिले. "सिस्टर, तुम्ही बरोबर वाचलं होतं. ते तिथे होतं. 'काही नाही' असंच होतं. नंतर बदललं. मी आत सांगितलंय."

तिचे डोळे भरले. "देवासारखे आलात हो तुम्ही—"

"नाही, नाही. ऐका." काकांनी घाईने हात वर केला. "ते मीच लिहिलं होतं. ते पान माझं. चूक माझी आहे. आणि मला आठवड्याभरापासून माहीत होतं."

ती बघत राहिली. चेहऱ्यावर आलेलं सगळं हळूहळू मागे गेलं. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, बहुतेक कडू बोलली असती आणि काकांना ते हवंच होतं. पण ती पुन्हा बाकावर बसली.

"आठवड्याभरापासून," ती स्वतःशीच म्हणाली.

"हो."

म्हातारी इतका वेळ काकांकडे निरखून बघत होती. तिला कितपत कळलं कोण जाणे. तिने काकांवरून नजर काढली आणि पिशवी उघडून सुनेच्या मांडीवर ठेवली.

"अगं, माझी दुपारची गोळी राहिली."

"पाकीट त्यातच आहे, आई. वरच आहे."

"मला ठाऊक आहे कुठे आहे ते. तू दे."

सुनेने पाकीट काढलं. नाव वाचलं, उलटं करून तारीख वाचली, पुन्हा नाव वाचलं. ती तिसऱ्यांदा वाचायला लागली.

"आता किती वाचशील? दे की," म्हातारी म्हणाली आणि हात पुढे केला.

तिने गोळी सासूच्या तळव्यावर ठेवली. म्हातारीने तिच्याकडे न बघताच ती तोंडात टाकली, वर पाण्याचा घोट घेतला, आणि बाटली सुनेकडे परत दिली. सून झाकण लावायला गेली तर ते लागेना. मग तिने बाटली तशीच मांडीवर धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

काका अजून तिथेच उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने ते मान खाली घालून, चपलांचा आवाज होऊ न देता, जिन्याकडे गेले.